पिटात काढलेला फोटो ऑफिसात पोचेपर्यंत: लिफ्ट देखभालीच्या ॲपचं एक प्रकरण

पुण्यात लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं घेणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. बाणेर-बालेवाडीच्या टॉवरपासून सदाशिव पेठेत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतींपर्यंत तिची गिऱ्हाइकं पसरलेली. दर महिन्याच्या सर्व्हिसला टेक्निशियन पिटात, म्हणजे लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात, उतरतो, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढतो, ब्रेक, रोप, डोअर लॉक, गव्हर्नर (वेगावर लक्ष ठेवणारा भाग), कंट्रोलर (लिफ्ट चालवणारं विजेचं पॅनेल) तपासतो आणि प्रत्येकाचा फोटो ॲपमध्ये काढतो. शेवटी सेक्रेटरी किंवा वॉचमन फोनच्या स्क्रीनवर बोटाने सही करतो. हे सगळं ऑफिसला पोचलं की त्याचा पीडीएफ रिपोर्ट तयार होतो आणि एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कंत्राटाच्या, बिलाला जोडला जातो. रिपोर्टमध्ये फोटो नसेल तर सोसायटी बिल अडवते. सोसायट्यांना बिल अडवायला तेवढं निमित्त पुरतं.

तक्रार एका वाक्यात आली होती: ॲपमधले फोटो गायब होतात. ज्या जॉबला फोटो नाही त्याचा इन्सेंटिव्ह कंपनीने कापायला सुरुवात केली होती, त्यामुळे टेक्निशियन आणि ऑफिस यांच्यात चांगलंच वाजलं होतं. टेक्निशियन म्हणत, आम्ही फोटो काढला, ॲपने हिरवी टिक दाखवली. ऑफिस म्हणे, आमच्याकडे काही आलंच नाही. मग टेक्निशियनांनी स्वतःच तोड काढली. ॲपमध्ये फोटो काढून झाला की तोच फोटो पुन्हा काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर पुरावा हाताशी.

ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये लिहिलेलं, म्हणजे जावास्क्रिप्टचा एकच कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. टेक्निशियनांकडे अँड्रॉइड फोन, काही सुपरवायझरांकडे आयफोन. मागे नोडचा (जावास्क्रिप्टवर चालणारा) सर्व्हर, त्याच्यापुढे येणाऱ्या रिक्वेस्ट आधी घेणारा एनजिनएक्स आणि फोटो शेवटी ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये, म्हणजे भाड्याच्या फाइल-साठवणीत. मला विचारलेला प्रश्न होता, "सर्व्हर मोठा घ्यावा का?"

दाराचा फोटो येतो, कंट्रोलरचा येत नाही

कोड उघडण्याआधी कामाला आली ती बिलिंगच्या टेबलावरची एक्सेल शीट. कोणत्या जॉबचा कोणता फोटो आला नाही, हे तिथल्या मॅडम महिनोन्‌महिने लिहून ठेवत होत्या. त्यात एक गंमत दिसली. लिफ्टच्या दाराचे, बटणांच्या पॅनेलचे फोटो बहुतेक वेळा येत होते. पिटातले आणि कंट्रोलरचे गळत होते. डेव्हलपर टीमचं म्हणणं, पिटात रेंज नसते म्हणून असं होतं. पण कंट्रोलर तर गच्चीवर, मशीन रूममध्ये, तिथे रेंजला काय धाड भरली आहे? दोन्ही जागांमध्ये समान काय, हे शोधायला हवं होतं.

समान होती ती फाइलची साइज. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या प्रकारात फाइल किती मोठी होणार हे फोटोतल्या बारकाव्यांवर ठरतं. स्टीलच्या सपाट दाराचा फोटो छान दाबला जातो. कंट्रोलरमध्ये रंगीबेरंगी वायरींचं जंगल असतं, टर्मिनलांवर बारीक अक्षरं असतात. पिटात अंधार असतो, म्हणजे सेन्सरचा दाणेदारपणा फोटोभर पसरतो, आणि तो दाणासुद्धा जेपेगच्या दृष्टीने बारकावाच. त्यामुळे एकाच फोनवर, एकाच सेटिंगला दाराचा फोटो १ एमबीच्या आत बसायचा आणि कंट्रोलरचा २ एमबीच्या वर जायचा. टीम चाचणी घ्यायची ती ऑफिसातल्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून, वायफायवर, भरपूर रॅमच्या फोनवर. तिथे कधी काही बिघडलंच नाही.

आता ही साइज कुठे नडत होती ते बघू. ॲप फोटो काढल्यावर त्याचं बेस-६४ करत होतं. बेस-६४ म्हणजे दर ३ बाइटांची ४ साधी अक्षरं, कारण ॲप आणि सर्व्हर ज्या मजकुराच्या रूपात माहिती देतात-घेतात त्या जेसनमध्ये कच्चे बाइट ठेवता येत नाहीत. म्हणजे फाइल बसल्या जागी एक-तृतीयांशाने फुगते. ही अक्षरांची माळ ॲप असिंक-स्टोरेजमध्ये, म्हणजे रिॲक्ट नेटिव्हच्या फोनमधल्या छोट्या साठवणीत, ड्राफ्ट म्हणून ठेवत होतं. अँड्रॉइडवर असिंक-स्टोरेजच्या पोटात एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असतो, आणि त्यावर दोन मर्यादा असतात. एकूण जागा मुळात ६ एमबी. ही टीमने ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या सेटिंगमधून वाढवून घेतली होती. दुसरी मर्यादा एका नोंदीची. अँड्रॉइड एसक्यूलाइटमधून वाचताना ओळ ज्या खिडकीत आणतो, ती कर्सरविंडो साधारण २ एमबीची असते. लिहिताना तिचा संबंध येत नाही. त्यामुळे दीड एमबीच्या वरचा फोटो बेस-६४ होऊन २ एमबी ओलांडायचा, निमूट लिहिला जायचा, हिरवी टिक यायची, आणि पाठवायच्या वेळी वाचताना एरर. तो एरर कोडमध्ये एका रिकाम्या कॅच ब्लॉकने, म्हणजे एरर पकडून काहीच न करणाऱ्या भागाने, गिळलेला. फोटो फोनमध्येच होता आणि तरीही ॲपच्या लेखी नव्हता.

टेक्निशियन खोटं बोलत नव्हते, एवढं त्याच दिवशी ऑफिसला लेखी कळवलं. इन्सेंटिव्हची कपात थांबली. तांत्रिक काम व्हायला अजून बराच अवकाश होता.

ज्या जॉबचे सगळे फोटो लहान असत, तिथे दुसरी अडचण. पाठवताना सगळा जॉब एकाच जेसनमध्ये जायचा. समजा १ एमबीचे २४ फोटो आहेत. मूळ डेटा २४ एमबी, बेस-६४ झाल्यावर ३२ एमबी. जेसन तयार करताना तीच माळ आणखी एकदा मेमरीत उभी राहते, म्हणजे ६४. जावास्क्रिप्टच्या इंजिनानुसार एका अक्षराला एक किंवा दोन बाइट लागतात, शिवाय नेटिव्ह, म्हणजे फोनच्या स्वतःच्या कोडच्या, बाजूला जाताना आणखी एक प्रत. कमी रॅमच्या फोनवर ॲप मरायचं. आणि जिवंत राहिलं तरी ३२ एमबीची एकच रिक्वेस्ट ९० टक्क्यांवर तुटली की पुन्हा शून्यापासून. तुटली असं वाटूनही कधीकधी ती सर्व्हरला पूर्ण पोचलेली असायची, फक्त उत्तर परत आलेलं नसायचं, आणि मग त्याच जॉबचे दोन रिपोर्ट.

सर्व्हरवर या सगळ्याच्या खुणा होत्याच. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट ४१३, म्हणजे 'फार मोठी' हा एरर, देऊन परत पाठवतो. नोडवरच्या एक्सप्रेस या लायब्ररीचा जेसन वाचणारा भाग तर १०० केबीलाच थांबतो. दोन्ही मर्यादा कुणीतरी ५० एमबीवर नेऊन ठेवल्या होत्या. मर्यादा वाढवायला हरकत नसते, पण फोटोंसाठी जेसनची मर्यादा वाढवावी लागते आहे, तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.

मोठी झालेली सही

सह्यांचं दुखणं वेगळं होतं. सह्या पोचत होत्या, पण रिपोर्टमध्ये त्यांच्या जागी तुटक्या चित्राची चौकट दिसत होती. मधल्या काळात एका डेव्हलपरने बेस-६४ नको म्हणून सहीची पीएनजी फाइल कच्च्या बाइटांच्या रूपात पाठवायला सुरुवात केली होती. दिशा बरोबर होती. बकेटमध्ये फाइल दिसत होती, नावाला पीएनजी, कंटेंट-टाइपही बरोबर, सर्व्हरचं उत्तर २००, म्हणजे सगळं ठीक. फक्त सर्व्हरवरची फाइल फोनवरच्या फाइलपेक्षा बरीच मोठी होती. सर्व्हिस मॅनेजरांनी विचारलं, "मोठी झाली म्हणजे क्वालिटी वाढली का हो?" प्रश्न भाबडा वाटेल, पण बोट त्यांनी नेमकं त्या जागीच ठेवलं होतं. पाठवताना फाइल मोठी होण्याचं काहीच कारण नसतं.

अशा वेळी फाइल हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अंक-अक्षरांत दाखवणाऱ्या रूपात, उघडून पहिले काही बाइट वाचायचे. पीएनजीची सुरुवात ठरलेली आहे: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. यातला पहिला बाइट ८९ मुद्दामच साध्या अक्षरांच्या कक्षेबाहेरचा ठेवला आहे, म्हणजे कुणी फाइलला मजकूर समजून हात लावला तर लगेच कळावं. सर्व्हरवरच्या फाइलची सुरुवात होती: ईएफ बीएफ बीडी ५० ४ई ४७. नंतरची 'पीएनजी' ही तीन अक्षरं शाबूत, पुढचे ०डी ०ए सुद्धा जागेवर. फक्त ८९ च्या जागी तीन नवे बाइट.

ईएफ बीएफ बीडी हे युनिकोडच्या बदली-चिन्हाचं यूटीएफ-८ रूप. यूटीएफ-८ म्हणजे मजकुराची अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत. काळ्या चौकोनी पतंगात प्रश्नचिन्ह दिसतं, तेच ते. यूटीएफ-८ म्हणून वाचताना जो बाइट बसत नाही, त्याच्या जागी हे चिन्ह येतं. एकाचे तीन बाइट होतात, म्हणून फाइल दीडपटीहून जास्त फुगलेली. आता कोडमध्ये काय शोधायचं ते माहीत होतं आणि ते पाच मिनिटांत सापडलं. सर्व्हरवर येणारे तुकडे एका रिकाम्या स्ट्रिंगला अधिकच्या चिन्हाने जोडले जात होते. नोडमध्ये बफरला (कच्च्या बाइटांना) स्ट्रिंग (मजकूर) जोडली की बफर गुपचूप यूटीएफ-८ मजकुरात बदलतो. मजकुराच्या रिक्वेस्टवर हा कोड वर्षानुवर्षं चालतो. इंग्रजी जेसनवर त्रास होत नाही. मराठी जेसनवरसुद्धा तुकडा अक्षराच्या मधोमध तुटला तरच होतो. पीएनजी आली की मात्र पहिल्याच बाइटला घात.

दुरुस्ती सोपी. तुकडे यादीत गोळा करा आणि शेवटी बफर म्हणूनच जोडा. पण बिघडलेल्या सह्या सर्व्हरवरून परत मिळणार नव्हत्या. वेगवेगळ्या बाइटांच्या जागी एकच चिन्ह बसल्यावर मूळ कोणता होता हे कुठूनही कळत नाही. ज्यांच्या फोनवर मूळ फाइल उरली होती, तेवढ्याच वाचल्या.

फोनच्या आत कुठे ठेवायचं

त्याच डेव्हलपरने काही स्क्रीनवर फोटोंचंही बेस-६४ काढून फक्त फाइलचा पत्ता ठेवायला घेतला होता. पत्ता मात्र कॅश डिरेक्टरीचा. कॅमेऱ्याच्या बहुतेक लायब्ऱ्या फोटो तिथेच टाकतात. कॅश म्हणजे जागा कमी पडली की सिस्टीम न विचारता साफ करते ती जागा. आणि टेक्निशियनांचे फोन कायम भरलेलेच असतात, सकाळच्या सुविचारांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी. त्यातून फोनसोबत आलेलं क्लीनर ॲप रोज "कॅश साफ करू?" विचारतं आणि माणूस हो म्हणतो. तळघरात काढलेला फोटो संध्याकाळी घरच्या वायफायवर जायची वाट बघत असताना पुसला जायचा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका सल्ल्याने केलं. ॲप अडकलं की सुपरवायझर फोनवर सांगायचे, "अनइन्स्टॉल करून परत टाक." वारज्याकडचा एक जुना टेक्निशियन मला म्हणाला, "सर, आम्ही तर रोज सकाळी टाकतो परत. त्याशिवाय ते उठतच नाही." अँड्रॉइडवर अनइन्स्टॉल केलं की ॲपची अंतर्गत साठवण पुसली जाते. सेटिंगमधून डेटा क्लीअर केला तरी तेच. न पाठवलेले फोटो रोज सकाळी श्रद्धेने पुसले जात होते.

आयफोनवाल्यांची गोष्ट छोटी. ॲप अपडेट झालं की जुने ड्राफ्ट फोटोविना दिसत, कारण पूर्ण पत्ता साठवलेला होता आणि त्या पत्त्यातला कंटेनरचा, म्हणजे ॲपच्या फोल्डरच्या नावाचा, भाग अपडेटनंतर बदलू शकतो. डॉक्युमेंट्सपासूनचा सापेक्ष पत्ता ठेवला की प्रश्न मिटतो.

नवी रचना

मुळात फोटोला फॉर्ममधला एक रकाना मानलं होतं, बाकीची भानगड तिथून सुरू झाली. रकाना फॉर्मबरोबर सेव्ह होतो, फॉर्मबरोबर जातो, फॉर्मबरोबर अडकतो. मी आग्रह धरला तो एवढाच की फोटो काढल्या क्षणापासून त्याची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र प्रवास असू दे.

फोटो निघाला की तो ॲपच्या अंतर्गत फाइल डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहायचा आणि पूर्ण लिहून झाल्यावरच खऱ्या नावाने रिनेम करायचा, म्हणजे अर्धवट फाइल कधी खरी म्हणून सापडत नाही. मग एसक्यूलाइटमध्ये एक ओळ: यूयूआयडी (फोटोचा एकमेव क्रमांक), सापेक्ष पत्ता, साइज, शा-२५६ (बाइटांवरून काढलेला हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठा), प्रकार, अवस्था. बाइट फाइलमध्ये, डेटाबेसात फक्त माहिती. अगदी छोटे थंबनेल एसक्यूलाइटमध्ये ठेवायला काही हरकत नसते, पण फोटो नकोत. या जागेसाठी अँड्रॉइडवर कसलीच परवानगी मागावी लागत नाही. जुनं ॲप फोटो गॅलरीत टाकायचं आणि त्यासाठी स्टोरेजची परवानगी मागायचं. अँड्रॉइड १० पासून स्कोप्ड स्टोरेज, म्हणजे ॲपला सामायिक साठवणीत मोकळा वावर न देणारा नियम, आल्यावर तो रस्ता तसाही अवघड झाला होता. तो भाग काढून टाकला. सोसायटीच्या पॅनेलचे फोटो टेक्निशियनच्या घरच्या अल्बममध्ये असायचं कारणही नव्हतं.

फोटो लहान करण्यावर मात्र बराच वाद झाला. डेव्हलपरांना सगळे फोटो १६०० पिक्सेलवर आणायचे होते. सर्व्हिस मॅनेजर अडून बसले, आणि त्यांचं बरोबर होतं. रोपच्या किती तारा तुटल्या आहेत हे क्लोजअपमध्ये मोजावं लागतं, तिथे लहान फोटो म्हणजे फोटो नसल्यातच जमा. शेवटी रोप आणि ब्रेक लायनिंग मूळ आकारात, बाकी सगळं लहान, असं ठरलं. लहान करताना दोन गोष्टी सांभाळल्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो मेमरीत पूर्ण उलगडला तर ४००० गुणिले ३००० गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी खातो. तेव्हा उलगडतानाच तो लहान मापाने उलगडायचा. आणि फोटो आडवा की उभा ही माहिती एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतल्या नोंदींत, असते. नव्याने जेपेग केल्यावर ती गळते, म्हणून फोटो आधी फिरवून घ्यायचा. नाहीतर रिपोर्टमध्ये सगळ्या लिफ्ट आडव्या.

पाठवणं आपल्या सर्व्हरमधून न्यायचंच नाही असं ठरलं. ॲप सर्व्हरला फोटोचा यूयूआयडी, साइज आणि हॅश सांगतं. सर्व्हर एस-थ्रीची प्रीसाइन्ड यूआरएल देतो. ही यूआरएल म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा पास: एकाच फ्लॅटपुरता आणि थोड्या वेळापुरता. फोन त्या यूआरएलवर फाइल डिस्कवरून थेट पाठवतो. बाइट जावास्क्रिप्टमध्ये येतच नाहीत, नेटिव्ह बाजूच फाइल वाचत वाचत पाठवते. यूआरएलची मुदत १५ मिनिटं ठेवली, म्हणून ती फोटो रांगेत लागताना घ्यायची नाही, निघताना घ्यायची. पहिल्या आवृत्तीत ती रांगेत लागतानाच घेतली जायची आणि तळघरातून वर येईपर्यंत संपलेली असायची. बकेटकडून ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येत होता. फाइल पोचल्यावर सर्व्हर बकेटमध्ये साइज आणि हॅश पडताळतो आणि मगच ॲपला होकार देतो. यूयूआयडी फोननेच दिलेला असल्यामुळे तोच फोटो दोनदा पोचला तरी नोंद एकच.

पाठवायच्या फोटोंची रांग ॲप बंद असतानाही चालवायला अँड्रॉइडवर वर्कमॅनेजर, आयफोनवर बॅकग्राउंड यूआरएल-सेशन. वर्कमॅनेजरला सोबत देता येणारी माहिती १० केबीपुरती, त्यामुळे तिथे फक्त यूयूआयडी जातो. आयफोनची बॅकग्राउंड सोय फाइलवरूनच अपलोड करते, मेमरीतल्या डेटावरून नाही. फोटो आधीच फाइल झालेला असल्यामुळे दोन्ही अटी आपोआप पाळल्या गेल्या. तरी काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागचं काम मारतात. म्हणून ॲप उघडलं की रांग पुन्हा हलते, आणि "अडकलेलं पाठवा" असं एक मोठं बटण दिलं. अनइन्स्टॉलच्या सल्ल्याला तेच उत्तर.

हिरवी टिक काढून टाकली. आता प्रत्येक फोटोखाली तीनपैकी एक ओळ दिसते: फोनमध्ये आहे, जातोय, ऑफिसला पोचला. तिसरी ओळ सर्व्हरचा होकार आल्याशिवाय येत नाही, आणि फोनवरची फाइलही त्यानंतर आठवड्याने पुसली जाते. रांगेत काही असताना लॉगआउट होत नाही. फोनमध्ये जागा कमी असेल तर जॉब सुरू करतानाच ॲप सांगतं, सोळावा फोटो काढून झाल्यावर नाही.

जुन्या ड्राफ्टमधले फोटो

नवं ॲप देण्याआधी फोनांमध्ये अडकलेले जुने फोटो काढायचे होते. असिंक-स्टोरेज ते वाचू देत नव्हतं, पण त्याची एसक्यूलाइट फाइल ॲपच्याच ताब्यात असते, 'आरकेस्टोरेज' नावाची. ती थेट उघडून एसक्यूएलच्या सबस्ट्रिंगने नोंद तुकड्यातुकड्याने वाचली, म्हणजे कोणताही तुकडा २ एमबीच्या खिडकीबाहेर जात नाही. प्रत्येक फोटो स्वतंत्र नोंदीत ठेवलेला होता, हे नशीब. सुरुवातीचा "डेटा, इमेज, जेपेग, बेस-६४" सांगणारा २३ अक्षरांचा भाग सोडायचा आणि पुढचे तुकडे चारच्या पटीत घ्यायचे. तसं केलं की प्रत्येक तुकडा स्वतंत्र उलगडून फाइलला जोडता येतो. आधीच्या तुकड्याची वाट पाहावी लागत नाही. बरोबर जागेवरून वाचतोय का हे बघायची खूण सोपी आहे. जेपेगचं बेस-६४ नेहमी तिरकी रेघ, ९, जे, तिरकी रेघ असं सुरू होतं. ज्या फोनवर रोज सकाळचं अनइन्स्टॉल झालं नव्हतं, त्यांतून महिन्यांपूर्वीचे कंट्रोलरचे फोटो बाहेर आले आणि अडलेली काही बिलं त्यांच्या जोरावर सुटली.

सर्व्हर मोठा घ्यावा लागला नाही. फोटोंचे बाइट त्याच्याकडून जाईनासे झाल्यावर आहे तोच पुरून उरला, आणि ५० एमबीची मर्यादा परत १ एमबीवर आणली. आता कुणी चुकून बेस-६४ पाठवलंच तर ४१३ पहिल्याच दिवशी ओरडेल.

व्हिडिओचं काम बाकी आहे. ब्रेकचा आवाज ऐकवायला अर्ध्या मिनिटाची क्लिप हवी, असं सर्व्हिस मॅनेजर म्हणतात. टीमला त्यासोबत फोटोंसाठीही तुटल्या जागेपासून पुढे पाठवणारा टस प्रोटोकॉल हवा होता. फोटोंसाठी मी नको म्हटलं. काही शे केबीची फाइल पुन्हा पाठवणं, कुठे तुटलं याचा हिशेब ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं. मूळ आकारातले रोपचे फोटो मोजके, तेही चालून जातात. व्हिडिओला मात्र तो हवाच. एस-थ्रीच्या स्वतःच्या मल्टिपार्टमध्ये, म्हणजे फाइल भागाभागाने पाठवायच्या सोयीत, शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा लागतो, आणि वाकडच्या टॉवरांच्या दुसऱ्या तळघरातून ५ एमबीचा सलग भाग बाहेर पडणं कठीण. टसमध्ये तुकडा आपल्या मनाजोगता लहान ठेवता येतो, पण मग बाइट पुन्हा आपल्या सर्व्हरमधून जाणार. त्यासाठी वेगळा सर्व्हर घ्यायचा की क्लिप लहान रिझोल्यूशनला आणून एकाच दमात पाठवायची, हे ठरेपर्यंत व्हिडिओचं बटण फक्त सुपरवायझरांच्या ॲपमध्ये चालू ठेवलं आहे.